पाठीवरचा बहावा

रहीमभाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, हा ब्लाउज दोघींनी घातलाय."

समोर कटिंगच्या टेबलावर दोन वस्तू होत्या. एक जुना, धुवून विटलेला ब्लाउज, मापासाठी आलेला. दुसरं, ऐंशी सेंटिमीटर गडद हिरवं सिल्क. त्याच्या मधोमध पिवळ्या बहाव्याचे घोस लटकत होते. रेशमी दोऱ्याने, हाताने भरलेले. केतकी नावाच्या मुलीने ऑफिस सांभाळून आठ महिने रिंग लावून ते भरले होते. लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि लग्नात तिला हाच ब्लाउज घालायचा होता. कात्री चुकली तर दुसरं कापड नव्हतं. बाजारात आठ महिने विकत मिळत नाहीत.

मी यवतमाळहून पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे पायाचं एक मशीन होतं. शनिवार पेठेत दहा बाय बाराचं दुकान उभं केलं ते कोणाच्या ओळखीवर नाही, भांडून. पुढे मॉल आले, रेडिमेडने शर्ट खाल्ले, पँटी खाल्ल्या, पंजाबी ड्रेसही खाल्ले. ब्लाउज मात्र त्यांना पचला नाही. तो अंगाबरहुकूमच लागतो. रहीमभाई माझे कटिंग मास्टर. त्यांचं घराणं चार पिढ्या पुण्यात कापडच कापतंय. मी शिवते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. ते कापतात आणि कोणाशी बोलत नाहीत.

त्यामुळे ते बोलले म्हणजे ऐकायचं.

त्यांनी तो जुना ब्लाउज उलटा केला आणि बगलेखालची शिलाई दाखवली. ब्लाउज शिवताना आम्ही आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. बाई अंगाने भरली की शिलाई उसवायची, माया बाहेर काढायची, ब्लाउज सैल. इथे मायेवर सुईच्या भोकांच्या दोन जुन्या रांगा दिसत होत्या. आणि आत्ताची शिलाई मशीनची नव्हतीच, हाताची होती. म्हणजे कोणीतरी तो सैल केला होता आणि नंतर कोणीतरी अंदाजाने परत आवळला होता.

मी केतकीच्या आईंना फोन लावला. "वहिनी, हा मापाचा ब्लाउज नक्की कोणाचा?"

"अहो, केतकीचाच! मध्ये सुनेच्या डोहाळजेवणाला दिला होता, एवढंच. तिला बसावा म्हणून उसवला. मग मी परत घातले की टाके. अगदी होता तस्सा."

"होता तस्सा म्हणजे? टेप लावली होती?"

"टेप कशाला लागते? डोळ्यांना कळतं."

मी फोन ठेवला. जोरात ठेवला. डोळ्यांना कळत असतं तर मी आणि रहीमभाईंनी इतकी वर्षं टेप गळ्यात दागिना म्हणून घातली का?

मी सगळ्यांना सांगते, माप अंगावर घेऊ द्या. पण मापाला जुना ब्लाउज पाठवायची आपल्याकडे सवयच. केतकीलाही मी तीनदा बोलावलं होतं. "काकू, रिलीज आहे, निघताच येत नाही," हे उत्तर. रिलीज म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायची तारीख, असं तिनेच सांगितलं. म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकालाही तारीख आहे, आणि त्या तारखेला भटजी येणार आहेत.

एरवी मी तो जुना ब्लाउज मापाला धरून टाकला असता, कारण माया असते, सांभाळून घेते. इथे तीच सोय नव्हती. मुलीने चित्राच्या कागदावर काढावं तसं कापडाच्या बरोबर मध्यभागी भरतकाम केलं होतं. मध्य असा अडकला की दोन्ही पुढचे भाग आणि बाह्या कडेच्या पट्ट्यांतून काढायच्या. रहीमभाईंनी रद्दीच्या कागदाचे तुकडे दोन इंच सैल धरून मांडून पाहिले. कापड पुरत होतं. माया सोडायला मात्र अर्धं बोटही उरत नव्हतं.

"ताई, खरं माप पाहिजे. नाहीतर मी हात लावत नाही."

ती येत नाही म्हणून मी गेले. दोन बस बदलून हिंजवडी. काचेची एवढी मोठी इमारत, आणि गेटवर सिक्युरिटीवाल्याने माझी पिशवी उपडी केली.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"माप."

"कसलं माप?"

"ब्लाउजचं. लिहा."

त्याने लिहिलं नाही. 'पर्सनल' लिहिलं. माझी छोटी कात्री काढून घेतली, टेप दोनदा उलगडून पाहिली, खडू हुंगला. शेवटी गळ्यात कार्ड अडकवलेली केतकी धावत आली आणि मला एका मीटिंग रूममध्ये घेऊन गेली. दार लोटून तिने बाहेर पाटी फिरवली, मीटिंग सुरू असल्याची. मी टेप लावली. जुन्या ब्लाउजपेक्षा छातीत दीड इंच जास्त.

"काय खातेस गं इथे?"

"कॅन्टीन फ्री आहे, काकू."

"तुला फ्री आहे. मला दीड इंचाला पडलं."

मग दुसरा मुद्दा काढला. तो फोनवर बोलण्यासारखा नव्हता. "बहावा मागे घेणार आहे. पाठीवर."

तिचा चेहरा पडला. "पण काकू, मी तो पुढच्यासाठी केलाय! फोटोत दिसायला नको?"

"पुढे टक्स येतात. टक्स म्हणजे कापडाला घातलेली चिमटी, ब्लाउजला गोलाई द्यायला. एकेका चिमटीत तुझा एकेक घोस गिळला जाईल. वर मधोमध हूकपट्टी."

"मग टक्स नका घालू."

"मग तो ब्लाउज होणार नाही. उशीचा अभ्रा होईल."

"तुम्ही ॲडजस्ट करा ना काहीतरी. एवढं काय आहे त्यात? शिवायचंच तर आहे."

माझं डोकं तिथे सटकलं. मी तिला उभी केली आणि तिचीच ओढणी पदरासारखी तिच्या खांद्यावर टाकली. "साडीचा पदर कुठून जातो? पुढून. आठ महिने डोळे फोडलेस ते पदराखाली झाकून ठेवायला? मागे बघ. पदर डाव्या खांद्यावरून पडतो, बाकी पाठ मोकळी. लग्नातले लोक तुझी पाठच बघणार. तोंड तर तू नवऱ्याकडे करून उभी राहणार."

तिने हात मागे नेऊन आपली पाठ चाचपली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "हे मला कोणी सांगितलंच नाही."

"विचारलंस कोणाला?"

एवढ्यात कोणीतरी दार उघडलं. मी म्हटलं, "मीटिंग चालू आहे." दार बंद झालं.

मागचा गळा तिला खोल हवा होता, तेव्हाच्या फॅशनचा, नाडी आणि लटकन लावलेला. तोही मी बंद केला. खोल गळा म्हणजे बहाव्याची फांदीच छाटणं. पाठीला शिवण नाही, मागे हूक नाहीत, सगळं कापड अखंड. तिने दोनदा "शुअर ना, काकू?" विचारलं. मी म्हटलं, शुअर तुमच्याकडे असतं. आमच्याकडे कात्री एकदाच चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहीमभाईंनी पंखा बंद केला. कागद हलायला नकोत म्हणून. चहा आला, त्याला शिवले नाहीत. खडूने आखलं, टेप लावली, पुसलं, परत आखलं. मी उभी राहून सूचना देत होते.

"ताई, जरा बाहेर उभ्या राहता?"

माझ्याच दुकानातून मी बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. कात्रीचा आवाज तेवढा ऐकू येत होता, न थांबता, एकाच लयीत. आत बोलावलं तेव्हा उरलेलं कापड माझ्या एका मुठीत मावलं. पुढचे दोन दिवस मी शिवलं. ब्लाउज असा बसला की केतकीच्या आई म्हणाल्या, "बघा, होता तस्सा आला!" मी दात खाऊन हसले.

लग्न झालं. तीन महिन्यांनी केतकी पेढे नाही, फोटो घेऊन आली. कंपनीत छंदांचं प्रदर्शन भरलं होतं. ब्लाउज पुतळ्याला घालून, पाठ लोकांकडे करून ठेवला होता. खाली कार्ड, इंग्रजीत: हँडमेड बाय केतकी.

"आणि आमचे हात कुठे गेले?" मी विचारलं.

ती खरोखर गोंधळली. "काकू, ते हॉबीजचं प्रदर्शन होतं. तुमचं तर ते काम आहे."

म्हणजे करमणूक म्हणून केलं की हँडमेड. पोटासाठी केलं की नुसती शिलाई. हा राग मी अजून विसरलेले नाही.

तिला दुसरा ब्लाउज हवा होता. कंपनीच्या कॅलेंडरसाठी फोटो निघणार होता. या वेळी शहाणी होऊन कोरं कापड घेऊन आली होती, भरतकामाच्या आधी आखून घ्यायला. वर म्हणे, "आता तर जुनं गिऱ्हाईक आहे, काहीतरी कमी करा."

"एक रुपया कमी होणार नाही. आखणीचे वेगळे. आणि खाली शिलाई म्हणून माझं नाव आलं पाहिजे. कबूल असेल तर कापड ठेव, नसेल तर घडी घाल."

तिने कापड ठेवलं. नाव कसं लिहायचं ते मी स्वतः कागदावर काढून दिलं.

कॅलेंडर आलं. खाली इंग्रजीत छापलं होतं: भरतकाम, केतकी. शिलाई, सुनंदाताई, शनिवार पेठ. मी ते गल्ल्याच्या वर, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टांगलं. दोन दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. तिसऱ्या दिवशी रहीमभाईंनी चष्मा लावला, जवळ गेले, बोट ठेवून ती इंग्रजी ओळ हळूहळू वाचली.

"छान आहे," ते म्हणाले. "कात्री आपोआप चालली म्हणायची."

आणि टेबलाकडे जाऊन कामाला लागले.

दुपारी ते नमाजाला गेल्यावर मी कॅलेंडर उतरवलं आणि छापलेल्या ओळीखाली बॉलपेनने लिहिलं, कटिंग, रहीमभाई. परत टांगलं.

मापाला आलेला जुना ब्लाउज मी आता घेत नाही, कितीही जवळचं गिऱ्हाईक असो. आणि कुठे छापायला नावं द्यायच्या आधी दुकानातली डोकी मोजते. दुसऱ्याने आपलं नाव गाळलं की लगेच दिसतं. आपण गाळलेलं दाखवायला चष्मेवाला माणूस लागतो.

त्या दुपारी रहीमभाई परत आले, वर बघितलं.

"ओळ तिरकी गेलीय, ताई," म्हणाले. "आधी आखून घ्यायची."