साप चावलेली संगमरवरी बाई

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलणं. सोलता सोलता ती म्हणाली, "अहो, कतारची ती दगडातली बाई आता कुठं असंल?" मी म्हणालो, "असंल कुठंतरी. तू शेंगा बघ, किडक्या तशाच टाकतीयास." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. नीट उत्तर दिलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?

त्या केसचा कागद मी पुरा केला, पण केस सोडवली तिनं. कागदावर तिचं नाव कुठंच नाही, म्हणून लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस आहे, भाषा सांभाळून घ्या. नावं कुणाचीच देत नाही.

महाराष्ट्रात अकरा वर्षं पोलिसात काढून मी कतारला गेलो आणि दोह्याच्या एका ठाण्यात जमादार म्हणून लागलो. हिंदी-मराठी बोलणारा आरोपी आला की जबाब मी घ्यायचो आणि साहेबाला अरबीत सांगायचो. साहेब म्हणजे मुलाजिम, आपल्याकडचा फौजदार समजा. वयानं लहान, पण कडक. खोटं बोललेलं त्याला खपायचं नाही, आणि गप्प बसणं तो खोट्यातच धरायचा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एका व्यापाऱ्यानं नव्या घराच्या बैठकीत बसवायला इटलीहून एक जुनी संगमरवरी पाटी आणली होती. हातभर उंच. तिच्यात एक बाई कोरलेली, अर्धी दगडाबाहेर आलेली, अर्धी दगडातच. टाचेशी साप. पाटी भिंतीत बसवायचं काम इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपला दिलं होतं. तिथं सांगलीकडचा एक पाथरवट होता, चाळिशीचा, अबोल. पेटी त्याच्या ताब्यात. शनिवारी बघितलं तर पेटीत नुसता पेंढा.

खबर दिली कंपनीच्या पठाण ड्रायव्हरनं. म्हणाला, "जमादार, जुम्मे को मैं उसको वक्रा ले के गया. बोरी में कुछ भारी था. कमर तक भीग के वापस आया. पागल है वो. पत्थर ले के गया, रेत ले के आया!" आणि हसला. मीही हसलो. तिथंच चुकलो.

पाथरवटाला उचलला. खोलीची झडती घेतली. पंचनामा मीच सांगितला: पत्र्याची पेटी एक, कपडे, कुंकवाची पुडी, रुमालात बांधलेली मूठभर वाळू. मुलाजिमनं वाळूकडं ढुंकून बघितलं नाही. अल वक्रा हे मासेमारांचं गाव, बोटी उभ्याच असतात. त्याचा हिशेब सरळ होता. "बोटवाल्याला दिली. बोटवाल्याचं नाव काढ. परवा कागद कोर्टात जाणार."

कागद कोर्टात गेला असता तर पाथरवट कित्येक वर्षं आत. घरी बायको आणि लग्नाला आलेली पोरगी. आणि तो जाणार मी घेतलेल्या जबाबावर. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. व्यापाऱ्याचा माणूस दर दोन तासांनी फोन करायचा. पाथरवट एकच बोलायचा, "मी चोरी केली नाही."

"मग पाटी कुठंय?"

तो भिंतीकडं तोंड फिरवायचा.

एकदा राग आवरला नाही, थोबाडीत दिली. तो गाल चोळत म्हणाला, "मारा. तुमचं कामच हाय." आजही ते आठवलं की हात लपवावासा वाटतो.

मग मी दुसरा रस्ता धरला. कारागिराला गुन्ह्याचं विचारलं की तो भिंत होतो, कामाचं विचारलं की बोलतो. फाईलमधला पाटीचा फोटो त्याच्यापुढं ठेवला. म्हणालो, "काय रे, काम चांगलं आहे का हे?"

त्यानं फोटो उजेडात धरला. "चांगलं? जमादारसाहेब, एवढ्या पातळ दगडात एवढी खोली काढायची म्हणजे श्वास धरून छिन्नी चालवावी लागती. लुगड्याच्या चुण्या दुसऱ्या कुणीतरी मारल्यात, शिकाऊ हात हाय तो. पाय मात्र उस्तादाचा."

"कशावरून?"

"बोटं बघा की. जित्या माणसाची बोटं जमीन धरत्यात. ह्या बोटांनी जमीन सोडलीया. ज्यानं घडवली त्यानं कुणाचातरी असा पाय जवळून बघितलेला असणार. आपल्याच घरातला."

व्यापाऱ्याच्या लेबनानी कारकुनाला मी घडवणाऱ्याचं विचारलं होतं. तो म्हणाला, पाचशे वर्षांपूर्वीचा कुणी इटलीचा शिल्पी, नाव कुणालाच ठाऊक नाही. बाईची गोष्ट मात्र त्यानं सांगितली. नवी नवरी, साप चावून मेली. नवरा तिला आणायला यमाच्या घरी गेला. यम म्हणाला, ने, पण वाटेत मागं वळून बघू नकोस. त्यानं बघितलं. ती परत गेली.

त्या दिवशी जेवताना हे सगळं हिला सांगितलं. आम्ही तेव्हा अल सद्दला दोन खोल्यांत राहायचो. ही म्हणाली, "आपल्याकडं सावित्रीनं आणला नवरा. पुरुषाला तेवढंही जमलं नाही."

मी म्हणालो, "थट्टा पुरे. उद्या तो माणूस आत जाणार."

"झडतीत काय मिळालं?"

"काही नाही. कपडे, कुंकू, रुमालात वाळू."

तिनं वाढता हात थांबवला. "वाळू कुठली?"

"वक्र्याची असणार. ओला होऊन आला होता म्हणे."

"अहो, तुम्ही पोलीस का कोण? गणपती पोचवून आल्यावर पाटावर काय घेऊन येता तुम्ही दरवर्षी? त्यानं ती बाई विसर्जन केलीया. आणि चांगली मूर्ती कोण बुडवंल? फुटली असणार!"

मी आमटी तशीच टाकून बूट घातले.

कोठडीत जाऊन एकच विचारलं. "फुटली का रे ती?"

तो खाली बसला आणि रडला. पेटीतून काढताना हातातून निसटली होती, टाचेवर दोन तुकडे. नागासोबतची बाई म्हणजे देवीच, असं धरून आठ दिवस तो कामाआधी तिच्या पाया पडत होता. भंगलेली मूर्ती ठेवायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. मग शुक्रवारी समुद्र.

"अरे मग दोन दिवस तोंड का शिवलंस?"

"मूर्ती पुजली म्हणून इथं कुणाला सांगू? त्यापेक्षा चोरी परवडली, साहेब. चोरीची सजा कधीतरी संपती."

मी मुलाजिमला जसंच्या तसं सांगितलं. पूजेचं गाळावं की काय, असं आधी मनात आलं. पण गाळलं असतं तर वाळूचा अर्थ लागला नसता. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "त्यानं कशाला देव मानलं हे मी लिहिणार नाही. पण उद्या सकाळी दगड इथं पाहिजे. दगड आला तर अपघात. नाही आला तर चोरी."

पाथरवटाला हे सांगितलं तर तो हबकला. "जागा दाखवतो. पण मी काढणार नाही. पाण्यात सोडलेली देवी परत काढायची नसती. माझी पोरगी लग्नाची हाय, साहेब. नको."

"नाही काढलीस तर जेलात जाशील!"

"जाईन."

या केसनं मला एक शिकवलं. माणूस काय घेऊन गेला हे पोलीस लगेच विचारतो. परत येताना काय घेऊन आला, हे विचारत नाही. आणि दुसरं, मी त्याच मातीतला असून खाकी घातल्यावर घरचं विसरलो होतो. ते आठवायला घरची बाई लागली. ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी बघून आम्ही वक्र्याला गेलो. मुलाजिम गाडीपाशी उभा राहिला. पाथरवटानं बोटानं जागा दाखवली आणि तोंड फिरवलं. मी बूट काढले, पट्टा काढला, आणि वर्दीसकट पाण्यात शिरलो. पाणी कमरेला लागलं तेव्हा पायाला दगड लागला. "पाप लागायचं तर मला लागू दे," असं मी मोठ्यानं म्हणालो, त्याला ऐकू जाईल असं. मग बुडी मारून आधी मोठा तुकडा काढला, नंतर पायाचा. दोन्ही किनाऱ्यावर जोडून ठेवले, मुलाजिमला दाखवले, आणि ओल्या कपड्यानंच ठाण्यात जाऊन त्याला कागदावर चोरीच्या जागी अपघात असं लिहायला लावलं.