सरांची कागदी जहाजं

"झोपले होते म्हणे!" असं म्हणत सर पाठ्यपुस्तकावर तळहात आपटायचे. इतक्या जोरात, की स्टाफरूममधला माझा चहा हिंदकळायचा.

ही इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका शाळेतली गोष्ट, दोन हजार तीन-चार सालची. मी तिथे सायन्स लॅबची टेक्निशियन, तेव्हाही आणि आजही. सर नागपूरचे, इतिहास शिकवायचे. इथे शिक्षक मिळेनात म्हणून त्यांना वर्क परमिटवर आणलं होतं. हेड, म्हणजे मुख्याध्यापिका, आत आल्या की एकटे सर उठून उभे राहायचे आणि बाकीचे गालात हसायचे. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. कदाचित हसलाही असाल.

पुस्तकात एक वाक्य होतं: पश्चिमेत यंत्रं धडधडत होती, तेव्हा पूर्वेची साम्राज्यं झोपली होती. त्या वाक्याने सरांचं डोकं फिरायचं.

"पाहा ना ताई, इजिप्तच्या पाशानं, तिथल्या राज्यकर्त्यानं, सुताच्या गिरण्या काढल्या. तुर्कांच्या सुलतानानं फौजेसाठी नव्या शाळा काढल्या. चीननं गोदी बांधली, जहाजं बांधली. फ्रेंचांनी तोफा डागून ती गोदी फोडली. अन् हे लिहितात, झोपले होते म्हणे!"

"आणि जपान?" मी एकदा विचारलं.

"जपान वाचलं. पोरं परदेशी धाडली, वह्या भरभरून आणल्या. मग तेही तोफा घेऊन दुसऱ्याच्या दारात गेले. शिकले ते सगळंच शिकले!"

मग तो तास आला. हेड मागे बसून पाहणार होत्या आणि सरांचं परमिट वाढवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. कात्र्या आणि जाड कागद माझ्या लॅबमधले, म्हणून मीही वर्गात होते.

"यू आर चायना," सर म्हणाले. "बिल्ड मी अ नेव्ही!"

पोरं रंगून गेली. पहिल्या बाकावरच्या मुलीने तर तीन डोलकाठ्यांचं जहाज केलं आणि त्याला आपल्या आजीचं नाव दिलं. वीस मिनिटांनी सर उठले, बाकाबाकापाशी गेले आणि एकेक जहाज मुठीत धरून चुरगाळलं. हेड ताडकन उठून निघून गेल्या.

सरांनी फळ्यावर लिहिलं: तुम्ही जहाजं का बांधली नाहीत? झोपला होतात?

"दॅट्स नॉट फेअर!" ती मुलगी रागाने लालबुंद झाली होती. "वी मेड देम, सर! यू स्मॅश्ड देम!"

सरांचा चेहरा उजळला. "राइट दॅट डाउन," ते म्हणाले. तीस डोकी वहीत खुपसली गेली.

हेडनी मला ऑफिसात बोलावलं. सरांनी मुलांचं काम नासवलं, हे खरं का?

"येस, मिस."

"एनिथिंग एल्स?"

होतं ना. फळ्यावरचा प्रश्न होता, त्या मुलीचं उत्तर होतं, तीस वह्या होत्या. पण माझाही व्हिसा त्याच शाळेच्या कागदावर होता. "नो, मिस," मी म्हणाले.

परमिट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी सर कात्र्या पुसून परत द्यायला आले.

"ताई, त्या तासाला तुम्ही शेवटपर्यंत होतात ना?"

"हो, सर."

सरांनी कात्र्या टेबलावर ठेवल्या आणि ते गेले. त्यांनी मला चार शब्द सुनावायला हवे होते.

नवे शिक्षक तेच पुस्तक शिकवतात. कॉरिडॉरमधून जाताना ते वाक्य कानावर येतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लिहिणाऱ्याचा राग येतो, उठून गेलेल्या हेडचा येतो. सगळ्यात जास्त माझाच.

ते तीन डोलकाठ्यांचं जहाज मी त्या दिवशी उचलून आणलं होतं. लॅबच्या खणात आहे. कितीही सरळ केलं तरी घड्या जात नाहीत. हेड गेल्यावर त्या वर्गात सरांखेरीज मोठं माणूस एकच होतं, आणि ते काही झोपलेलं नव्हतं.