मालनमावशींनी सांगितलेलं दुखणं

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मालनमावशी जे सांगत, त्याच्या निम्मं धरायचं, असा रिवाज होता. त्यांच्या मोरीत दिसलेली घूस संध्याकाळपर्यंत डुकराएवढी होई. चांदवडला त्यांच्या माहेरी म्हणे एकेक कांदा दोघांनी मिळून उचलावा लागे. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले त्यांचे यजमान पुंजाराम शेजारी बसून शांतपणे म्हणत, "निम्मं करा."

२००४ साली मावशींना छातीच्या डाव्या बाजूला नागीण झाली. फोड महिनाभरात सुकले, पण आतली नस जळतच राहिली. नुसता पदर घासला तरी डोळ्यांत पाणी येई. आणि या एवढ्या एका गोष्टीबद्दल बाई वाढवून बोलत नसत. सटाण्याला दिलेली लेक सविता बाळंतपणाला यायची होती. नातवंड छातीशी धरता यावं, इतकंच त्यांचं मागणं.

शहरातल्या एका डॉक्टरांकडे अशा दुखण्यावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू होती. मी मावशींना स्कूटरवरून घेऊन गेलो. डॉक्टरांनी समजावलं, निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला कुठली, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

"तुमालाबी नाय?" मावशी खूश झाल्या. "मग आमच्या ह्यांच्यात न् तुमच्यात फरक काय?"

डॉक्टर हसले. "शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. तुमचं किती?"

मावशी म्हणाल्या, "चार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या चाचणीत पाचाच्या खालचं दुखणं घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

"मावशी, चार?" मी म्हणालो.

"दहाच हाय रे भाऊ. पण दहा म्हनले असते तर डाक्टरांना वाटलं असतं, बाई वाढवतीय. म्हनून मीच कमी करून सांगितलं. तेवढं तरी खरं धरतील."

"मावशी खरं बोलताहेत," मी डॉक्टरांना सांगितलं. अशी साक्ष मी जन्मात पहिल्यांदाच देत होतो.

"मलाही तसंच वाटतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पण नियम कळल्यावर बदललेला आकडा मला धरता येत नाही." त्यांनी नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी मावशींना गुंगी येई, दुखणं मात्र जागंच राही.

सविताला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी बायकांनी बाळ मावशींच्या हातात दिलं. त्यांनी ते छातीशी घेतलं, ओठ घट्ट मिटले आणि लगेच सविताच्या मांडीवर ठेवलं.

"आई, घे ना जरा वेळ."

"घेईन की. निजायला आलीय ती, पाळण्यात घाल आधी."

मग मावशी पाळण्याची दोरी ओढत बसल्या, डाव्या अंगावरचा पदर दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी अलगद वर धरून.