आबांचे आठ खांब

जेसीबीचं बकेट तिसऱ्यांदा कुडाला टेकलं आणि घर जागचं हललं नाही. नुसती थोडी माती गळली.

"कट!" निनाद सर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "दादा, तुमचं घर पडत का नाही?"

मी आर्ट डायरेक्टर. सिनेमात जी घरं, दुकानं, पोलीस चौक्या दिसतात ती उभी करणारा माणूस. राहणार धुळ्याचा. सेट हलतोय म्हणून आजवर भरपूर बोलणी खाल्ली होती. हलत नाही म्हणून पहिल्यांदाच खाल्ली.

निनाद सर मूळचे अभिनेते. मालिकांमध्ये वर्षानुवर्षं इन्स्पेक्टरच झाले. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला सिनेमा. सातपुड्याच्या पायथ्याचं एक मजूर कुटुंब आणि अतिक्रमण म्हणून पाडलं जाणारं त्यांचं घर, एवढीच गोष्ट. शूटिंग शिरपूरकडच्या एका पाड्यावर. शेवटच्या सीनमध्ये घर कोसळतं आणि बाई हंबरडा फोडते. ऊन तासाभराचं उरलेलं. जेसीबी उद्या सकाळी शिंदखेड्याला रस्त्याच्या कामावर जाणार. आज शॉट मिळाला नाही, तर सरांच्या सिनेमाला शेवटच नव्हता.

पाडायचं घर आम्ही 'ब्रेकअवे' बांधतो. दिसायला धड, आतून अधू. खांब खालून अर्धे करवतायचे आणि लिंपणाखाली काप झाकायचा. मग हलका धक्का लागला तरी घर खाली येतं आणि कोणाला इजा होत नाही.

घर बांधलं होतं पाड्यावरच्या दुरसिंग आबांनी. मला जुनं, काळवंडलेलं लाकूड हवं होतं. आबांच्या मुलाने विटांचं घर बांधलं, तेव्हा जुन्या घराचे आठ खांब आबांनी उतरवून ठेवले होते. ते त्यांनी बिनतक्रार आणून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांवर काप कुठे घ्यायचे ते मी खडूने आखलं. आबांनी मान डोलावली. मी जुनी भांडी शोधायला दोन दिवस जळगावला गेलो. परत आलो तर लिंपण वाळलेलं. मी शाबासकी दिली. खरवडून काही पाहिलं नाही.

आता आबा निंबाखाली उकिडवे बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"आबा, खांब कापले होते ना?"

"हातच नही उठना, भाऊ."

"अहो, मी आखून दिलं होतं!"

"तीन दिवस बाया-पोरं आठे बसतीन म्हणे तुम्ही. कापेल खांबखाले कसं बसाडू?"

घरातले सीन खरंच तीन दिवस चालले होते. मी टेकू लावणार होतो, असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण टेकू माझ्या डोक्यातच आले नव्हते. मला मनापासून लाज वाटली.

तिकडे सरांचा धीर सुटला होता. ते जेसीबीच्या ड्रायव्हरला म्हणाले, "हिरॉइन मॅडमना मागे घेतो. तू लाव जोर."

"लावतो साहेब. पण खांबांचे तुकडे होतील."

हे ऐकलं आणि आबा उठले. सरळ घराकडे गेले आणि दाराच्या खांबावर पंजा ठेवून उभे राहिले. बकेट त्यांच्या डोक्यावर.

"हाई लाकूड मन्हा बापनं शे," ते म्हणाले. "तीन जागा फिरनं, पन कधी मोडनं नही. घर पाडानं नही. उकलानं."

सर जवळ आले. आवाज खाली आला होता. "आबा, खरोखर घर पाडायला येतात, तेव्हा तुम्ही काय करता?"

"मशीननी खबर लागनी का आम्ही घर उकली लेतस. खांब खांदवर. रडाले मंग येळच येळ राहस."

सरांनी हातातला सीनचा कागद घडी करून खिशात घातला. "कॅमेरा चालू ठेवा. आबा, उकला."

आबांनी हाक मारली. दोघे मुलगे आले, सुना आल्या. आधी कौलं उतरली, मग बांबू, मग एकेक खांब. आमची हिरॉइन आपोआप कौलांच्या रांगेत उभी राहिली. कोणी रडलं नाही. जेसीबी मुकाट थांबून होता. आठवा खांब खांद्यावर गेला, तसा सरांनी हात केला. बकेट पुढे आलं आणि रिकामा कुड एका धक्क्यात आडवा झाला. एकच टेक. ऊन गेलं तेव्हा आम्ही सगळे तिथेच उभे होतो.

सिनेमा शिरपूरला दाखवला, तेव्हा आबांना मी माझ्या शेजारी बसवलं. शेवटच्या सीनला थिएटरभर लोक डोळे पुसत होते. माझेही भरले होते. आबा मात्र पडद्याकडे बोट करून एकेक खांब मोजत पुटपुटत होते. दिवे लागल्यावर समाधानाने म्हणाले, "आठ. बठ्ठा उनात." म्हणजे सगळे आले.

त्यानंतर मी बरीच ब्रेकअवे घरं बांधली. आता लिंपण नखाने खरवडून काप बघतो आणि टेकू आधी लावतो. लाकूड मात्र वखारीतून आणतो. पाडायच्या घराला कोणाच्या घरचा खांब मागत नाही.