आवाज बंद करून पाहिलेले सिनेमे

सिनेमांचे किस्से आमच्या घरात डब्यांच्या झाकणांसारखे साठतात. डबे केव्हाच हरवलेले असतात, झाकणं मात्र मांडणीतून अंगावर पडत राहतात. सिनेमाची गोष्ट काय होती, विचारू नका. त्या दिवशी काय झालं, ते विचारा.

मी काही जाणकार वगैरे नाही. कॅमेऱ्याचा अँगल मला कळत नाही. कॅमेरा फार हलला तर चक्कर येते, एवढंच. मध्यंतरापर्यंत हिरोचं नाव माझ्या लक्षात राहत नाही आणि मध्यंतरानंतर मी रडत असते, त्यामुळे कोणाला विचारता येत नाही. माहेर ठाकूरद्वारचं, सासर लालबागचं. दोन्हीकडे सिनेमावर बोलणारे भरपूर, सिनेमा पाहणारे कमी.

तर हे सगळं आमची ओवी अडीच वर्षांची असतानाचं. तेव्हा तिच्याकडे दोनच शब्द होते : ‘दे’ आणि ‘नको’. ‘‘एवढ्या भांडवलावर लोक अख्खा संसार करतात,’’ असं माझ्या नवऱ्याचं, मंदारचं मत. मला मात्र झोप नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ऐकू व्यवस्थित येतंय, समजतंय सगळं. तीन महिने वाट बघू. तोवर एखादं वाक्य आलं नाही, तर पुढच्या तपासण्या करू. स्क्रीन किती बघते?’’

‘‘अजिबात नाही हो!’’ मी म्हणाले.

मंदारला नेमका त्याच क्षणी खोकला आला.

खरं सांगायचं तर तिला अंगावर पाजताना मी मोबाइलवर सिनेमे बघायचे. ती जागी होऊ नये म्हणून आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत. दीड वर्ष! म्हणजे दुधाबरोबर माझ्या मुलीने जी माणसं पाहिली, ती सगळी ओठ हलवायची आणि तोंडातून आवाज काढायची नाहीत. तिने त्यावरून जो काही निष्कर्ष काढला असेल, त्याला जबाबदार कोण, हे तपासायला डॉक्टर कशाला हव्यात?

*

ओवी झाल्यानंतरचा माझा पहिला थिएटरमधला सिनेमा दादरला. दुपारचा शो. ओवी सासूबाईंकडे. सासूबाईंनी ‘‘जा गो निवांत, माझे तीन वाढवून झालेत’’ असं म्हणून पाठवलं आणि टायटल्स संपायच्या आत फोन केला, ‘‘डिस्टर्ब करायचं नव्हतं, पण ह्या डायपरची पुढची बाजू कुठली?’’

मी बाहेर लॉबीत गेले. परत आले. पुन्हा फोन. असे सात वेळा. सातव्यांदा दारावरचा बॅटरीवाला माणूस स्वतःच पुढे झाला. त्याला माझी दया आली असावी.

‘‘मॅडम, आत्ता आत जाऊ नका. गाणं आहे. आरामात बोला फोनवर. चार मिनिटांनी मर्डर होईल, मी आवाज देतो.’’

आणि खरंच त्याने आवाज दिला! मला आयुष्यात इतकी माया कुठल्याच थिएटरने दाखवलेली नाही.

मंदार एसीची थंड झुळूक लागताच झोपला होता. शेवटी दिवे लागल्यावर उठला, आळस दिला आणि म्हणाला, ‘‘मस्त होता. अगदी शांत.’’

त्यात चार खून होते आणि एक रेल्वेचा पूल उडवला होता.

*

सासूबाईंबरोबर घरी सिनेमा बघणं हा वेगळाच अभ्यासक्रम आहे. त्या हिरोकडे बघत नाहीत, खलनायकाकडे बघत नाहीत. त्या मागचं स्वयंपाकघर बघतात.

एकदा असाच रहस्यपट. नायिकेने गॅसवर दूध ठेवलंय, दाराची बेल वाजते, ती जाते, आणि तिथून पुढे दीड तास नुसती पळापळ. पोलीस, पाठलाग, पाऊस. शेवटच्या पाच मिनिटांत खुनी कळतो. मी श्वास रोखून बसलेली. खुनी नायिकेचा सख्खा भाऊच! मी किंचाळले, ‘‘आई, बघितलंत का कोण निघाला?’’

सासूबाई चिडल्या की मालवणीवर येतात.

‘‘खुनी जळो मेलो! दूध उतू गेला काय नाय, ता आधी सांग.’’

त्या रात्री त्या दोनदा उठून आमचा गॅस बघून आल्या. आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्यानंतर मीही एकदा बघून आले.

*

मग परळच्या एका मॉलमध्ये ‘बाळांसकट या’ असा शो लागला. दिवे अर्धे चालू, आवाज कमी, पडद्यापुढे गालिचा. मला वाटलं, चला, आपल्यासारख्यांसाठी कोणीतरी विचार केला! दहाव्या मिनिटाला सगळ्या आया खुर्चीत झोपल्या होत्या आणि बापलोक पडद्यासमोर मुलांमागे धावत होते. सिनेमा कोणीच बघत नव्हतं. तरी गालिच्यावर ज्याची पॉपकॉर्नची बादली मोठी तो हिरो, एवढं कथानक होतं.

माझ्याशिवाय जी एकमेव आई जागी होती, ती नेमकी माझ्या शेजारी.

‘‘तुमची किती वर्षांची?’’

‘‘अडीच.’’

‘‘अय्या, आमचा अर्णवपण! तो मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्ही बोलतो. तुमची?’’

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं आणि म्हणाले, ‘‘आमची ऐकून घेते. हल्ली असं माणूस मिळत नाही.’’

तेवढ्यात पडद्यावर सिंह आला. अर्णव तिन्ही भाषांत रडला. ओवी गालिच्यावर बसून सिंहाकडे बघत होती. सिंहाने तोंड उघडलं, हिने हात पुढे केला आणि म्हणाली, ‘‘दे.’’

काय हवं होतं देव जाणे. पण त्या शोमध्ये सिनेमाशी संवाद साधणारी ती एकटीच होती.

*

हे झालं बघण्याचं. आता बनवण्याचं.

माझा चुलत दीर सिद्धेश विमा कंपनीत नोकरी करतो आणि त्याने शनिवार-रविवारचा फिल्ममेकिंगचा कोर्स केला आहे. चार शनिवार. पाचव्या शनिवारी त्याने गळ्यात मफलर घातला. मे महिना होता.

एका स्पर्धेसाठी त्याला शॉर्टफिल्म करायची होती. गोष्ट अशी : जुनी चाळ पाडून टॉवर होणार, आणि एक म्हातारा आजोबा खोली सोडायला तयार नाही. आमच्या इमारतीत टॉवर कधी होतोय याची चौकशी लोक देवाच्या आधी करतात. फिल्ममध्ये मात्र तो कोणालाच नको होता. ‘‘ही आपल्या मातीची वेदना आहे,’’ सिद्धेश म्हणाला. त्याने स्वतः डोंबिवलीला टू-बीएचके घेतलाय.

आजोबांच्या भूमिकेत आमच्या खालच्या मजल्यावरचे राणे काका. बँकेतून रिटायर. शाळेत असताना त्यांनी नाटकात भालदाराचं काम केलं होतं. तेव्हापासून ते ‘‘मी लाइन सोडली’’ असं सांगतात.

मला कंटिन्यूटीचं काम मिळालं. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये वस्तू जशी होती तशीच पुढच्या शॉटमध्ये आहे ना, हे बघायचं. सिद्धेश म्हणाला, ‘‘वहिनी, तू सतत घाबरून सगळीकडे बघत असतेस, त्याचा उपयोग होईल.’’ माझ्या स्वभावाबद्दल इतकं चांगलं कोणी कधी बोललं नव्हतं!

पहिला सीन आमच्या दारात : काका चहा पितात आणि बोलतात. मी कपातल्या चहाच्या पातळीचा फोटो काढला, वहीत ‘अर्धा’ असं लिहिलं. पुढचा शॉट, कप काठोकाठ. मी ओतून अर्धा केला. पुढचा शॉट, पुन्हा काठोकाठ, शिवाय वाफ! माझा स्वतःवरचा विश्वास तसाही नाजूक. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला.

शेवटी सासूबाई रंगेहाथ सापडल्या. हातात किटली.

‘‘आई, काय करताय!’’

‘‘दारातल्या माणसाचा कप रिकामा ठेवायचा? आणि ते जगभर दाखवायचं? लोक काय म्हणतील, आम्हा काळसेकरांकडे चहाचे वांधे?’’

फिल्ममध्ये आजही राणे काका चहा पितात आणि तो वाढत जातो. सिद्धेश लोकांना सांगतो, तो जादुई वास्तववाद आहे.

*

आजोबांच्या वारलेल्या बायकोचा फोटो हवा होता, हार घातलेला. आता जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा म्हणजे आमच्याकडे महापाप. अख्ख्या इमारतीत कोणी फोटो देईना. सिद्धेशने माझ्याकडे बघितलं. मी लहान मुलीची आई आहे, असं म्हणून मी आत पळाले.

शेवटी राणे काकू स्वतः फोटो घेऊन आल्या. काका म्हणाले, ‘‘अगं, अशुभ असतं.’’

‘‘असू दे. पस्तीस वर्षांत तुम्ही एक गजरा आणला नाहीत. हार तर हार. मोगऱ्याचा आणा, झेंडूचा मी घालून घेणार नाही.’’

त्या सीनचं शूटिंग संपलं. फोटो, हार, उदबत्ती, सगळं काकांच्या खोलीत तसंच राहिलं आणि दार उघडं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या विंगेतल्या शिर्के वहिनी जाता जाता आत डोकावल्या. पुढे काही विचारायचं नसतंच. अर्ध्या तासात त्या रिवाजाप्रमाणे पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या, कारण मयताच्या घरात चूल पेटत नाही. डोळ्याला पदर लावून त्यांनी आता लोटलेल्या दाराची कडी वाजवली.

दार राणे काकूंनी उघडलं.

शिर्के वहिनींची किंकाळी मी वरच्या मजल्यावर ऐकली. काकूंनी मात्र शांतपणे डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आणलायस तर असू दे. आज मला कंटाळाच आला होता.’’

*

आता शेवटचा सीन. आजोबा गॅलरीत बसलेत, मांडीवर नात, मावळतीचं ऊन, आणि ते एक वाक्य बोलतात. नात म्हणून ओवी.

‘‘तीच का?’’ मी विचारलं.

‘‘अगं, बोलत नाही ना ती. साउंडला बरं पडतं,’’ सिद्धेश म्हणाला.

त्याच्या मनात काही नव्हतं. मी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडून दोन मिनिटं उभी राहिले. तीन महिने संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

गॅलरीत ऊन सव्वासहापर्यंतच राहतं. राणे काका दुसऱ्या दिवशी महिनाभरासाठी गावी जाणार होते. म्हणजे जे काय ते त्याच संध्याकाळी. मजल्यावरचे टीव्ही बंद, मिक्सर बंद, फोडण्या बंद. माणसं जिन्यात दाटीवाटीने उभी.

काकांचं वाक्य होतं : ‘‘भिंती गेल्या तरी चालतील, माणसं पांगू देऊ नका.’’

‘‘अॅक्शन!’’

‘‘भिंती गेल्या तरी चालतील...’’ काका लांब बघत म्हणाले. थांबले. डोळ्यात पाणी. मग मांडीवर थाप मारून, ‘‘आयला, पुढे काय होतं?’’

‘‘कट!’’

दुसरा टेक. ‘‘भिंती गेल्या तरी चालतील... आयला, पुढे काय होतं?’’

पाचवा टेक. आठवा टेक. वाक्य कागदावर लिहून समोर धरलं, तर काकांचा चष्मा घरी, कारण आजोबांच्या भूमिकेत त्यांना चष्मा शोभत नव्हता, असं त्यांचंच म्हणणं. तेरा टेक झाले. मांडीवर ओवी, तोंडात बोट, काकांच्या हनुवटीकडे टक लावून. ऊन कठड्यावरून निम्मं उतरलं होतं.

चौदावा टेक.

‘‘भिंती गेल्या तरी चालतील,’’ काका म्हणाले, एक श्वास घेतला, ‘‘माणसं पांगू देऊ नका.’’

आलं! सगळं आलं! आवाजसुद्धा कापरा. सिद्धेशने हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, कारण वाक्यानंतरची पाच सेकंदांची शांतता त्याला हवी होती, तिच्यावर फिल्म संपणार होती. जिन्यात कोणी डोळे पुसत होतं. एक सेकंद. दोन. तीन.

ओवीने तोंडातलं बोट काढलं, काकांच्या मांडीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

‘‘आयला, पुढे काय होतं?’’

सिद्धेशने कपाळावर हात मारला. मी कॅमेऱ्यासमोरून धावत गेले, मंदारही माझ्यामागून. सासूबाई जिन्यात ओरडत होत्या, ‘‘बोलला गो! माझा चेडू बोलला!’’ आणि साखरेचा डबा घेऊन प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवत होत्या. त्यांनी सिद्धेशच्याही तळहातावर ठेवली. काका पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘‘पण मी बरोबर बोललो ना? या वेळी मी बरोबर बोललो ना?’’ ऊन गेलं होतं.

नऊ दिवसांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मी, ओवी आणि हट्टाने सासूबाई.

‘‘बोलली? अरे वा! पूर्ण वाक्य?’’ डॉक्टरांनी पेन उघडलं. ‘‘काय म्हणाली नेमकं?’’

मी घसा खाकरला. तेवढ्यात सासूबाई शुद्ध मराठीत, पुस्तकातल्यासारख्या म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, तू जेवलीस का?’’

‘‘किती गोड!’’ डॉक्टरांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं आणि ओवीकडे वळल्या. ‘‘मलापण म्हणून दाखव बघू?’’

ओवीने डॉक्टरांकडे बघितलं. टेबलावर थाप मारायला हात उचलला, तोंड उघडलं.

मी त्यात बिस्कीट कोंबलं.