रुपरावांची सुरगाठ

नंदनवनच्या आमच्या शाळेत रुपराव शिपाई होते आणि मी कारकून. बाकीची सगळी कामं ते कुरकुरत करायचे, झेंड्याचं सोडून. झेंड्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. झेंड्याच्या नेफ्यातली लाकडी गुल्ली दोरीच्या फासात अडकवायची, केशरी रंग वर आहे ना ते तीनदा बघायचं, मग घडीत झेंडूच्या पाकळ्या भरून वरून गाठ मारायची. पाहुण्यांनी खालून दोरी ओढली की गाठ सुटून झेंडा फडकायला हवा.

एकाहत्तरच्या पंधरा ऑगस्टला ती सुटलीच नाही. पाहुण्यांनी ओढली, मुख्याध्यापक दत्तोपंतांनी ओढली, ड्रिल मास्तर तर लोंबकळलेच. शेतात वाढलेल्या रुपरावांनी बैल बांधायची गाठ मारली होती. जितकं ओढाल तितकी घट्ट! शेवटी झेंडा खाली घेऊन गाठीला कात्री लावावी लागली. पोरं हसली. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते. दत्तोपंतांनी सांगून टाकलं, "यापुढे झेंडा ड्रिल मास्तर बांधतील."

रुपराव दोन दिवस धड जेवले नाहीत. बायको भागीरथा वैतागली. "काहून तोंड पाडून बसले? परकराच्या नाडीची सुरगाठ मारा ना. एक टोक ओढलं का सुटते."

मग काय, पाच महिने बाजेचा पाय, खिडकीचा गज, माझी सायकलसुद्धा त्या माणसानं सोडली नाही. जानेवारीत दत्तोपंतांच्या खुर्चीला दुपट्टा बांधून म्हणाले, "ओढा, साहेब." वीसदा ओढला, वीसदा सुटला. दत्तोपंत हसले. "बांधा. पण ही शेवटची संधी."

सव्वीस जानेवारीला झेंडा वर चढला, पोरं रांगेत उभी राहिली आणि पाहुण्यांचाच पत्ता नाही. काटोलहून येणारी त्यांची बस वाटेत बंद पडली होती. दत्तोपंत म्हणाले, "रुपराव, आज तुम्हीच ओढा."

रुपरावांनी दोरी धरली आणि थांबले. "साहेब, हे गाठ जिनं शिकवली, तिले बोलावू काय?"

भागीरथा फाटकाशी उभी होती. "मले नाही जमत बाप्पा," म्हणत म्हणत आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि एकाच झटक्यात दोरी ओढली.

पाकळ्या तिच्या पदरावर पडल्या. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात मी. रुपराव सलाम करायचा विसरून वरच बघत राहिले. "सुटली वं," ते म्हणाले, "सुटली!"

"काहून नाही सुटन?" भागीरथा म्हणाली. "बांधली कोनं हाय!"