चौथ्या नावाचे सर

मुकुंदरावांनी प्रतापनगरातल्या छापखान्यात तीस वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. आता ते संशोधकांच्या संदर्भसूच्या जुळवून देतात. कोमलच्या शोधनिबंधाला नियतकालिकाचा नियम होता की संदर्भात पहिली तीन नावं द्यायची, पुढे ‘आणि इतर’. नेमके तिचे मार्गदर्शक सर आपल्या प्रत्येक जुन्या लेखात चौथे लेखक होते.

सर फुगले. “मी इतरांतला? सही करणार नाही!”

आज निबंध पाठवायची शेवटची तारीख. कोमल रडवेली झाली. “काका, आता काय करायचं?”

“अगं, पत्रिकेत नाव राहिलं की मामा असेच रुसतात. थांब जरा.”

मुकुंदरावांनी निबंधाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद जोडला आणि सरांचं नाव सगळ्या पदव्यांसकट ठळक टाकलं.

सरांनी आभार दोनदा वाचले आणि निबंध न उघडताच सही ठोकली.